लोकमान्यांचे एक वर्ष

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपली दृष्टी बहुधा त्यांच्या पराक्रमाच्या प्रसंगांवर खिळून राहते. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक म्हटले की १९०८ सालचा खटला, मंडालेचा तुरुंग, गीतारहस्याचा ग्रंथ आणि स्वराज्याची चळवळ हीच चित्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु या साऱ्या इमारतीचा पाया ज्या एका वर्षात घातला गेला, त्याची हकीकत चरित्रकार दोन-चार परिच्छेदांत सांगून पुढे जातात. ते वर्ष १८७३ चे. त्या वर्षी ना सभा झाली, ना खटला, ना लेख. साडेसोळा वर्षांचा एक अशक्त मुलगा रोज तालमीत जात होता, एवढेच काय ते घडले. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत यंदा त्याच वर्षाची कथा सांगावी, असे आम्ही योजिले आहे. लोकमान्यांना त्यांचे विरोधक तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी म्हणून हिणवीत आणि लोक तेच नाव भूषण म्हणून मिरवीत. अशा पुरुषावर हक्क सांगण्यास कोणत्याही ज्ञातीच्या कुटुंबाला संकोच वाटण्याचे कारण नाही.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक, संस्कृताचे जाणकार आणि गणिताचे व्यासंगी. त्रिकोणमितीवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले होते. मुलाने संस्कृत श्लोक पाठ करावा आणि वडिलांनी त्याबद्दल पै द्यावी, असा त्या घरचा रिवाज होता. घरात विद्येची अशी श्रीमंती होती. मुलाची प्रकृती मात्र यथातथाच होती. अंगकाठी किरकोळ आणि पचनशक्ती मंद. बुद्धी तल्लख आणि शरीर दुबळे हा जो संयोग आपल्याकडील अभ्यासू घरांतून आजही दिसतो, तोच तेथे होता.

१८६६ साली गंगाधरपंतांची बदली पुण्यास झाली आणि कुटुंब कोकण सोडून घाटावर आले. त्याच वर्षी मातोश्री पार्वतीबाई निवर्तल्या. बाळ तेव्हा दहा वर्षांचा होता. १८७१ साली लाडघरच्या बाळ घराण्यातील मुलीशी त्यांचे लग्न झाले. सासरी तिचे नाव सत्यभामाबाई ठेवण्यात आले. पुढल्याच वर्षी, १८७२ च्या ऑगस्टअखेर, गंगाधरपंतही गेले. म्हणजे सोळाव्या वर्षी हा मुलगा मातापित्यांना पारखा झाला होता आणि शिरावर संसाराची जबाबदारी येऊन पडली होती. पाठीशी चुलते गोविंदराव आणि चुलती होती. वडिलांच्या मृत्यूनंतर चारच महिन्यांत टिळक मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८७३ च्या आरंभी डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

आता वाचकांनी क्षणभर त्या चुलत्यांच्या जागी स्वतःस कल्पून पाहावे. पोरका पुतण्या हुशार आहे. वडिलांनी मागे ठेविलेल्या पुंजीवर शिक्षण उरकावयाचे आहे. लवकर पदवी मिळाली तर सरकारी नोकरी, नाहीतर वकिली. घर मार्गी लागेल. अशा वेळी त्या पुतण्याने कॉलेजचे पहिले वर्ष शरीर कमाविण्यास वाहून टाकले, तर वडीलधाऱ्यांच्या मनास काय वाटेल? अभ्यासाची आच असलेल्या घरात तालीम म्हणजे उनाडपणाचे पहिले पाऊल, असाच पुष्कळांचा समज. तथापि टिळकांनी हिशेब निराळा मांडला. पुढे जे काही करावयाचे ते या देहाच्या साधनानेच करावयाचे आहे. साधनच कच्चे असेल तर विद्या काय कामाची? म्हणून आधी एक वर्ष देहाला द्यावयाचे, मग पुस्तकाला, असा त्यांचा निश्चय झाला.

जागाही या निश्चयाला अनुकूल होती. डेक्कन कॉलेज तेव्हा शहराच्या गजबजाटापासून दूर, येरवड्याच्या बाजूस, नव्या इमारतीत भरत असे. विद्यार्थी वसतिगृहात राहत. हवा मोकळी, रस्ते निवांत आणि हाकेच्या अंतरावर मुळामुठेचे पात्र. तालीम, कुस्ती, पोहणे, नाव वल्हविणे आणि लांब फेरफटका हा टिळकांचा नित्यक्रम झाला. सकाळचा बराचसा वेळ तालमीत जाई. संध्याकाळी नदी किंवा रस्ता. पोहण्याचा तर त्यांना विशेष नाद लागला. हे सर्व एखाद्या सुटीपुरते नव्हते; वर्षभर रोज चालले होते.

तालमीत ज्यांनी पाऊल टाकले आहे त्यांना या रोजच्या क्रमाचे मर्म सांगावयास नको. नवशिका पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात जोर-बैठका काढतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरवत नाही. तिसऱ्या दिवशी तो तालमीकडे फिरकत नाही. जाणता वस्ताद म्हणूनच आरंभी थोडे सांगतो, अंगमेहनत मुरू देतो आणि मग हळूहळू आकडा चढवितो. आजचे शरीरशास्त्रही हेच सांगते. श्रमाने स्नायूंवर ताण पडतो. विश्रांतीत आणि अन्नाच्या बळावर ते पूर्वीपेक्षा बळकट होतात. स्नायू लवकर तयार होतात, पण त्यांना हाडांशी बांधणाऱ्या शिरांना व हाडांना अधिक अवधी लागतो. जो घाई करतो त्याला दुखापत गाठते. वर्षाची मुदत ही काही लहर नव्हे; दुबळ्या देहाचा सबळ देह होण्यास साधारण तेवढा काळ द्यावाच लागतो. पहिले दोन महिने निग्रहाचे, पुढचे चार सवयीचे आणि उरलेले आनंदाचे, असा या मार्गावरील बहुतेकांचा अनुभव आहे.

टिळकांच्या बाबतीत फळ डोळ्यांना दिसू लागले. मंदाग्नी जाऊन भूक प्रज्वलित झाली. व्यायामाबरोबर आहारही तसाच सकस आणि भरपूर असावा याकडे त्यांचे लक्ष असे. छाती भरली, दंड भरले आणि वसतिगृहातील सोबत्यांना हा कालचाच किरकोळ मुलगा की काय, असा प्रश्न पडू लागला.

ज्याला स्वतःला एखाद्या गोष्टीचा गुण आला, तो दुसऱ्यांना स्वस्थ बसू देत नाही. वसतिगृहात नाजूक प्रकृतीचे काही विद्यार्थी होते. त्यांच्या खोलीत पुस्तकांच्या शेजारी औषधांच्या बाटल्यांची रांग असे. टिळकांनी अशा बाटल्या फोडून टाकल्या आणि त्यांच्या धन्यांना तालमीची वाट दाखविली, असे त्यांच्या सोबत्यांनी सांगितले आहे. सोबत्यांनी त्यांना दोन नावेही बहाल केली होती. खोड्यांमुळे ‘डेव्हिल’ आणि तोंडावर सडेतोड बोलण्यामुळे ‘ब्लंट’. औषधाच्या बाटल्या फोडणे हे आम्ही कोणास अनुकरणासाठी सांगत नाही. वैद्याने दिलेले औषध वैद्याच्या आज्ञेनेच सोडावे. परंतु सुस्तीतून आलेल्या दुखण्यावर घाम हा उतारा आहे, हे त्या खोडकर मुलाने अचूक ओळखले होते.

वर्ष संपले. शरीर कमाविले गेले आणि अभ्यासाचे वर्ष मागे पडले. हा तोटा खरा होता; तो झाकण्याचे कारण नाही. बरोबरीचे विद्यार्थी पुढे गेले. परंतु या तोट्याचा पुढील हिशेब पाहावा. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या गुरूंच्या हाताखाली गणिताचा व्यासंग करून टिळक बी. ए. च्या परीक्षेत पहिल्या वर्गात आले. १८७९ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या समवेत न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. एका वर्षाने मागे पडलेला विद्यार्थी चोवीस वर्षांचा होण्यापूर्वीच शाळेचा संस्थापक झाला होता. मागे पडलेले वर्ष कोणाच्या ध्यानातही राहिले नाही.

कमाविलेल्या देहाची पहिली परीक्षा १८८२ साली झाली. कोल्हापूर प्रकरणातील अब्रूनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर या दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस काढावे लागले. तेवढ्या अवधीत टिळकांचे वजन चोवीस पौंड उतरले. दुसरी परीक्षा याहून कठीण होती. १८९७ च्या सप्टेंबरात राजद्रोहाच्या आरोपावरून अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. काथ्या सोलण्याचे काम. अन्नात कांदा-लसूण, जे त्यांना वर्ज्य होते. म्हणून कोरडी भाकरी पाण्याशी खाऊन दिवस काढले. प्रकृती पार ढासळली. शेवटचे महिने येरवड्याच्या तुरुंगात गेले. ज्या येरवड्याच्या परिसरात पंचविशीपूर्वी देह घडविला, त्याच परिसरात आता तो देह झिजत होता. सप्टेंबर १८९८ मध्ये सुटका झाल्यावर सिंहगडावर विश्रांती घेऊन ते पुन्हा उभे राहिले आणि कामास लागले.

तिसरी परीक्षा सर्वांत दीर्घ होती. जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा ते बावन्न वर्षांचे होत होते आणि मधुमेह जडलेला होता. मंडालेची हवा उन्हाळ्यात भाजणारी, हिवाळ्यात बोचरी. राहावयास लाकडी फळ्यांची कोठडी. तेथे आहारावर कडक ताबा ठेवून त्यांनी दुखणे आटोक्यात ठेविले आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात पाच महिन्यांच्या आत गीतारहस्याचे लेखन पुरे केले. १९१२ च्या जूनमध्ये पत्नीच्या निधनाची वार्ता त्यांना त्या कोठडीतच ऐकावी लागली. जून १९१४ मध्ये ते परत आले. त्यानंतरही साठाव्या वर्षी होमरूल लीगची स्थापना, गावोगावचे दौरे आणि बासष्टाव्या वर्षी विलायतेचा प्रवास, हे सारे त्या देहाने केले.

येथे त्यांच्या सहकाऱ्यांची आठवण होऊन मन खिन्न होते. न्यू इंग्लिश स्कूलच्या त्या तेजस्वी मंडळातील चिपळूणकर १८८२ साली एकतिसाव्या वर्षी गेले. कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ साली चौतिसाव्या वर्षाच्या आसपास गेले. टिळकांच्याच वर्षी जन्मलेले आगरकर दम्याने जर्जर होऊन १८९५ साली, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच गेले. त्या काळी रोगांवर आजच्यासारखे उपाय नव्हते, आणि आयुष्याची दोरी केवळ व्यायामाच्या हाती असते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आगरकरांचा दमा हा काही आळसाचा परिणाम नव्हता. परंतु महाराष्ट्राने त्या बुद्धिवंतांची किती अपुरी वर्षे पाहिली, आणि टिळकांची चौसष्ट वर्षे मिळाली म्हणून काय काय घडले, याचा ताळा मनात केल्यावाचून राहवत नाही.

त्याचबरोबर दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. एका वर्षाची कमाई जन्मभर आपोआप पुरत नाही. वर्तमानपत्राचा, खटल्यांचा आणि सभांचा रगाडा मागे लागल्यावर येरवड्याचे ते वर्ष पुन्हा येणे शक्य नव्हते, आणि मधुमेहाने त्यांना गाठलेच. स्नायू श्रम करीत असता रक्तातील साखर वापरतात, म्हणून रोजची हालचाल हा त्या रोगावरील आहार-औषधांइतकाच महत्त्वाचा उपाय आहे, हे आज डॉक्टर प्रत्येक रोग्यास सांगतात. १९२० च्या जुलैमध्ये मुंबईस ज्वर आला, त्याचे पर्यवसान न्यूमोनियात झाले आणि १ ऑगस्टच्या पहाटेपूर्वीच सरदारगृहात त्यांनी देह ठेविला.

आमच्या ज्ञातिबंधुभगिनींस या कथेच्या निमित्ताने एक विनंती करावयाची आहे. दर वर्षी आपण परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु व्यासपीठावर येणाऱ्या त्या बालकांपैकी कित्येकांचे खांदे वाकलेले आणि चेहरे फिकट असतात, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. आज कोणत्याही पालकास मुलाचे अभ्यासाचे वर्ष सोडावयास सांगणे व्यवहार्य नाही. त्याची जरुरीही नाही. रोजचा अर्धा घटका वेळ वर्षभर राखून ठेवावा. पहिल्या आठवड्यात पाच सूर्यनमस्कार किंवा गल्लीच्या टोकापर्यंत फेरी. अंग सरावले की दर आठवड्यास थोडी भर. दुखले तर विसावा आणि पुन्हा आरंभ. वडीलधाऱ्यांनी मुलांस हुकूम न सोडता त्यांच्यासह स्वतः उतरावे. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्यांनी किंवा दुखणेकऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज एक खूण करावी, म्हणजे खाडा पडला की तो घरातील सर्वांस दिसेल.

आणि मंडळाच्या कार्यकारिणीसही एक सूचना. पुढील वार्षिक संमेलनात गुणवंतांच्या यादीशेजारी आणखी एक यादी असावी. जो मुलगा किंवा मुलगी, जे आजोबा किंवा ज्या गृहिणी वर्षभर हा नेम पाळतील, त्यांची नावे तीत यावीत. पारितोषिक नारळाचे असले तरी चालेल. येत्या वर्षप्रतिपदेस नेमाचा आरंभ करावा, म्हणजे पुढील स्मरणिका छापावयास जाईपर्यंत त्या यादीत किती नावे टिकली हे आपणांस कळेल.