चॉकलेट, विमान आणि टॅक्सी : भारतात गाडी बनवायला निघालेले वालचंद हिराचंद

लहानपणी रावळगावची गोळी खाल्ली नाही, असा नाशिककर शोधूनही सापडायचा नाही. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर कारखाना १९३३ मध्ये उभा राहिला. तो काढणाऱ्या माणसाचं आणखी एक स्वप्न होतं, भारतात मोटारगाडी बनवायची. हा माणूस म्हणजे वालचंद हिराचंद दोशी.

वालचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. घरी पेढी आणि कापसाचा धंदा होता, पण त्यात त्यांचं मन रमलं नाही. रेल्वेत कारकून राहिलेले लक्ष्मणराव फाटक यांना सोबत घेऊन त्यांनी रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. १९१९ मध्ये ते सिंदिया कंपनीतून थेट जहाजांच्या धंद्यात उतरले आणि ब्रिटिश कंपन्यांना भिडले.

मग आली गाडी. सर विश्वेश्वरय्या तेव्हा भारतात मोटार कारखाना काढण्याची योजना मांडत होते. वालचंद त्यात उतरले आणि १९३९ मध्ये अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लर तयार झाली. परतीच्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमान व्यावसायिकाशी पडली आणि त्या ओळखीतून १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. आजच्या एचएएलचं मूळ हेच. नाशिकजवळ ओझरला मिग आणि सुखोई बनवणारी तीच ही एचएएल.

गाडीचं घोडं मात्र अडलं. युद्धाच्या काळात इंग्रज सरकारने हात वर केले. तरी १९४४ मध्ये वालचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

पण यात एक मेख होती. सुटे भाग अमेरिकेतून यायचे, इथे फक्त जोडणी व्हायची. शिवाय डॉज, प्लायमाउथ या भल्यामोठ्या गाड्या सामान्य माणसाच्या खिशाबाहेरच्या.

पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि कंपनी छोट्या गाड्यांकडे वळली. तोवर वालचंद थकले होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. त्यानंतर फियाट ११०० चे भाग हळूहळू इथेच बनू लागले. तीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी बनून २०२३ पर्यंत मुंबईत धावली.

आज शहरात फिरायला टियागो किंवा कॉमेटसारखी छोटी इलेक्ट्रिक गाडी घेताना आपण किंमत बघतो. त्या किमतीतला मोठा वाटा बॅटरीचा असतो आणि बॅटरीतले सेल अजून बहुतांशी चीनमधून येतात. गाडी इथे जोडायची की इथे बनवायची, वालचंद यांच्यापुढचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही. फरक इतकाच की तेव्हा तो इंजिनाचा होता, आज बॅटरीचा आहे.