मेहबूब खान : एकच कथा, दोन चित्रपट

गुजरातेतील बिलीमोरा येथे जन्मलेल्या मेहबूब खान यांचे शिक्षण जेमतेमच झाले. सिनेमाच्या ओढीने ते मुंबईस आले, मूकपटांत किरकोळ कामे करीत राहिले आणि १९३५ साली दिग्दर्शक झाले.

१९४० साली त्यांनी 'औरत' काढला. सावकारी पाशातही शील जपणारी आणि गावच्या लेकीच्या अब्रूसाठी पोटच्या मुलावर गोळी झाडणारी शेतकरीण ही त्याची नायिका. हीच कथा त्यांनी १९५७ साली 'मदर इंडिया' या नावाने पुन्हा पडद्यावर आणली. दोन्ही वेळा सावकार सुखीलाला कन्हैयालालच, छायाचित्रणही फरेदून इराणींचेच.

मग बदलले काय? मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता. नवा चित्रपट सुरूच होतो तो गावात आलेल्या कालव्यापासून. त्याचे उद्घाटन म्हाताऱ्या राधेच्या हातून होते आणि शेवटी मुलाच्या रक्ताने लाल झालेले पाणी शेतांकडे वाहू लागते. एका आईचे दुःख साऱ्या देशाचे झाले. नुसते रंग भरून हे साधले नसते.

'मदर इंडिया'ला ऑस्करचे नामांकन मिळाले. २८ मे १९६४ रोजी मेहबूब खान निवर्तले. जुन्या चित्रपटांच्या नव्या आवृत्त्या आजही निघतात. कथेत काळाने काय भर घातली हे ज्याला कळते, त्याचीच आवृत्ती टिकते.