फिलाडेल्फियात एकटीचा स्वयंपाक

परदेशात शिकायला निघताय? बॅग भरण्याआधी कल्याणच्या एका मुलीची गोष्ट वाचा.

ऑगस्ट जवळ आला की वाशी, नेरूळ, खारघरमध्ये बॅगा भरायला लागतात. पुस्तकं कमी, गोडा मसाला, मेतकूट आणि छोटा कुकर जास्त. फी, व्हिसा, राहण्याची जागा, सगळ्याचं प्लॅनिंग झालेलं असतं. फक्त रोजचं जेवण कोण बनवणार आणि त्यासाठी वेळ कुठून काढणार, हा प्रश्न तिकडे गेल्यावर बघू म्हणून सोडून दिलेला असतो. तुम्हीही त्यातलेच असाल तर डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट पुन्हा एकदा, पण यावेळी स्वयंपाकघराच्या बाजूने वाचा.

वाशीहून ट्रान्स हार्बरने ठाणे आणि तिथून पुढे कल्याण. हा तुमचा नेहमीचा रूट असेल. त्याच कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना वाढली. जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झालं आणि यमुनाची आनंदी झाली. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायकोने शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. हट्ट कसला, धाकच! अभ्यास सोडून त्या स्वयंपाकघरात मदत करताना दिसल्या म्हणून गोपाळरावांनी त्यांना मारल्याचा प्रसंग चरित्रांमध्ये येतो. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं, हे त्यांच्या मनाने तिथून पक्कं धरलं.

न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी एका मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला आणि मदतीसाठी स्वतःहून पत्र पाठवलं. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. निघण्याआधी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, आनंदीबाईंनी बंगालमधल्या श्रीरामपूरला जाहीर भाषण केलं आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असं लोकांसमोर सांगितलं. म्हणजे पोशाख आपला आणि जेवण शाकाहारीच. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून जहाज सुटलं आणि ४ जूनला न्यूयॉर्कला लागलं. सोबत नवरा नाही, घरचं कोणीच नाही. वय फक्त १८.

पहिले काही महिने मावशींकडे बरे गेले. तिथे आनंदीबाईंनी आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून अमेरिकन पाहुण्यांना जेवायलाही घातलं. खरी परीक्षा सुरू झाली ती ऑक्टोबरमध्ये, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात. डीन रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला, राहायला खोलीही मिळाली. पण त्या खोलीतली शेगडी नीट चालत नव्हती. पेटवली की खोलीभर धूर आणि विझवली की हाडं गोठवणारी थंडी, एवढाच काय तो चॉइस! नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडायच्या म्हणून साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. पोशाखात एवढी तडजोड त्यांनी केली, जेवणात मात्र नाही.

आता विचार करा. १८८३ ची अमेरिका. इंडियन स्टोअर हा प्रकारच नाही. प्रेशर कुकर नाही, फ्रीज नाही, आईला व्हिडिओ कॉल करून फोडणी विचारायची सोय नाही. दिवसभर लेक्चर्स, शरीररचनेचा अभ्यास, तोही परक्या भाषेत. त्यातून वेळ काढून सामान आणायचं, शिजवायचं, भांडी घासायची. थकलात तर उपाशी झोपायचं, कारण मेस किंवा बाहेरच्या जेवणात मांस असणार.

कल्याणच्या घरात स्वयंपाक की अभ्यास, असा वाद घालणं शक्य होतं. एकाने अभ्यास केला तर दुसरं कोणीतरी भाकऱ्या थापायचं. फिलाडेल्फियात ते दुसरं कोणी नव्हतं. पोट भरणं हे एक पूर्ण काम आहे आणि त्याला रोजचे तास लागतात, हे तिथे लपून राहिलं नाही. जे काम करताना दिसल्या म्हणून त्यांनी मार खाल्ला, तेच काम आता अभ्यासाच्या जोडीला त्यांच्या एकटीच्या अंगावर आलं.

तरीही ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई एम. डी. झाल्या. एकविसावा वाढदिवस वीस दिवसांवर होता. पदवीदान समारंभाला गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाईही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधली नेमणूकही ठरली. पण शरीर खचलं होतं. थंडी, अपुरा आहार, जागरणं आणि त्यात क्षयरोग. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता, पण त्यावरचं पहिलं प्रभावी औषध यायला १९४० चं दशक उजाडलं. भारतात परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, आनंदीबाई पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींनी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या दफनभूमीत जपल्या.

नीट न खाल्ल्यामुळेच त्या गेल्या, असं म्हणता येणार नाही. क्षय हा जंतूंमुळे होतो. पण जंतूशी लढायला लागणारी ताकद ताटातूनच येते, हे सायन्सवाल्यांना सांगायला नको. त्यांच्या जिद्दीला सलाम करताना त्या उपाशी रात्रींचं कौतुक मात्र करू नका.

तुमच्याकडे त्यांच्याहून एक गोष्ट जास्त आहे : तयारीला वेळ. जायच्या आधी एक महिना घरचं किचन चालवून बघा. बाजारातून आठवड्याची भाजी आणा, ती आठवडाभर पुरते का बघा. वरण-भात, खिचडी, एक उसळ, एक सुकी भाजी एवढं हाताला बसू द्या. घड्याळ लावा आणि रोज किती वेळ जातो ते लिहून ठेवा. तोच वेळ उद्या तिकडच्या टाइमटेबलमध्ये धरायचा आहे. तिकडे जे स्वस्त आणि ताजं मिळतं ते खायची तयारी ठेवा, आणि रूममेटबरोबर पाळ्या लावा.

आणि हो, हे मुलांसाठीही आहे. तुमच्या पोळ्या कोण लाटतं, हे तिकीट काढण्याआधी एकदा ओट्यापाशी जाऊन बघा.