नासेर यांनी कालवा ताब्यात घेतला आणि युरोपचं तेल अडलं

नेकनूरचा ट्रॅक्टर ज्या डिझेलवर चालतो, त्यातलं काही तेल रशियातून निघून इजिप्तच्या सुएझ कालव्यातून आलेलं असू शकतं. या कालव्याची चावी इजिप्तच्या हातात आणली गमाल अब्देल नासेर यांनी.

जन्म १९१८ चा, अलेक्झांड्रियातला. वडील पोस्टात कारकून. १९५२ मध्ये राजाला हटवणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांचे ते म्होरके.

जुलै १९५६ मध्ये अमेरिकेनं आस्वान धरणासाठी देऊ केलेला पैसा नाकारला. आठवडाभरात, २६ जुलैच्या भाषणात, नासेर यांनी कालवा बांधणाऱ्या फ्रेंच द लेसेप्सचं नाव घेतलं. तोच इशारा होता. रेडिओवर नाव ऐकताच त्यांच्या माणसांनी ब्रिटिश-फ्रेंच मालकीच्या कंपनीची कार्यालयं ताब्यात घेतली.

इजिप्तकडे स्वतःचं तेल थोडकंच, पण आखातातून युरोपकडे जाणारं बहुतांश तेल याच वाटेनं जायचं. ऑक्टोबरअखेर इस्रायल, पाठोपाठ ब्रिटन-फ्रान्स चालून आले. नासेर यांनी जहाजं बुडवून कालवाच बंद केला. तिकडे सीरियात इराकी तेलाच्या पाइपलाइनचे पंप उडवले गेले. ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग लागलं. रणांगणावर मार इजिप्तनं खाल्ला, पण अमेरिकेच्या दबावामुळे माघार घ्यावी लागली ब्रिटन-फ्रान्सला. एप्रिल १९५७ मध्ये कालवा उघडला, तेव्हा टोल इजिप्तच्या तिजोरीत जाऊ लागला.

हा पत्ता दुसऱ्यांदा मात्र महागात पडला. १९६७ च्या युद्धात कालवा बंद झाला, तो आठ वर्षं. तेल कंपन्यांनी अवाढव्य टँकर बांधून आफ्रिकेला वळसा घातला, इजिप्तचा टोल बुडाला. २८ सप्टेंबर १९७० ला नासेर वारले, तेव्हाही कालवा बंदच होता.