लहान चणीचा थोर मल्ल : कै. खाशाबा जाधव

शक्तीचे माप डोळ्यांनी घेण्याची मनुष्यास फार जुनी सवय आहे. उंच, रुंद खांद्यांचा गडी दिसला की तो बलवान, आणि ठेंगणा, सडपातळ दिसला की तो दुर्बळ, असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. आपल्या गोरेगावात एखाद्या मैदानावर कबड्डीचा संघ निवडतानाही पुष्कळदा हेच घडते. थोराड मुले अगोदर निवडली जातात व लहान चणीची मुले कडेला उभी राहतात. त्यांतील एखाद्यास घेतलेच, तरी सबंध सामन्याचा भार त्यास पेलवणार नाही, असे आपण धरून चालतो. हा समज कितपत खरा आहे, हे पाहावयाचे असेल तर कऱ्हाडनजीकच्या एका खेड्यात जन्मलेल्या कै. खाशाबा दादासाहेब जाधव ह्यांच्या चरित्राकडे वळावे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर ह्या गावी झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः मल्ल असल्यामुळे घरात कुस्तीचे वातावरण होते, आणि वयाच्या पाचव्या वर्षीच ह्या मुलाच्या अंगाला आखाड्याची माती लागली. पुढे कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण चालू असता त्यांनी अभ्यास व व्यायाम ह्या दोहोंकडे लक्ष दिले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा देण्याच्या कामीही त्यांचा हात होता. अंगाने मात्र ते बेताचेच राहिले. त्यांची उंची पाच फूट पाच इंचांच्या पुढे गेली नाही.

त्यानंतर ते कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे माहेरघर. राजर्षी शाहू महाराजांनी देशोदेशीच्या मल्लांस आश्रय दिला आणि १९१२ साली तेथे खासबागेचे विस्तीर्ण कुस्तीमैदान उभे राहिले. अशा नगरीत हा सडपातळ तरुण महाविद्यालयाच्या वार्षिक स्पर्धेत नाव नोंदवावयास गेला, तेव्हा त्याची शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यास नकार दिला. खाशाबांनी तो निर्णय मुकाट्याने मानला नाही. ते थेट प्राचार्य खर्डीकरांकडे गेले. प्राचार्यांनी त्यांस उतरण्याची अनुज्ञा दिली, आणि आपल्याहून थोराड प्रतिस्पर्ध्यांस चीत करून खाशाबांनी ती सार्थ ठरविली. एकाने शरीर पाहिले, दुसऱ्याने संधी दिली. त्या दोहोंतील अंतर किती मोठे होते, हे पुढील दहा वर्षांत जगास दिसून आले.

येथे कुस्तीविषयी थोडे सांगितले पाहिजे. मातीच्या आखाड्यात वजनाचे काटेकोर गट नसत. जाणत्यांनी नजरेने जोड लावावी आणि मल्लांनी लढावे, अशी रीत होती. साहजिकच लहान चणीच्या मल्लास आपल्याहून भारी गड्याशी झुंजण्याचे प्रसंग वारंवार येत. त्यास बळावर बळ घालून चालत नसे. चपळाई, पकड, डावाची अचूक वेळ आणि छातीतला दम ह्यांवरच त्याची भिस्त असे. बाबुराव बलावडे व बेलापुरी गुरुजी ह्यांच्या देखरेखीखाली खाशाबांनी ह्याच गुणांची जोपासना केली. प्रतिस्पर्ध्याचे मस्तक पकडीत घेऊन त्यास फेकण्याचा ढाक हा डाव त्यांच्या विशेष हातचा होता. लहान शरीर आणि त्यात साठविलेली ही ताकद पाहून पुढे लोक त्यांस ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणू लागले.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलल्यामुळे खाशाबांस तेथे जाता आले. मातीऐवजी गादी आणि मोकळ्या रीतीऐवजी आंतरराष्ट्रीय नियम, असे सर्वच त्यांस नवे होते. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लाने त्यांस तेथे मार्गदर्शन केले. फ्लायवेट म्हणजे ५२ किलोंपर्यंतच्या वजनगटात त्यांनी ऑस्ट्रेलिया व अमेरिका ह्या देशांच्या मल्लांस हरविले व सहावा क्रमांक मिळविला. एवढ्यावर समाधान मानून स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पुढील चार वर्षे त्यांनी कसून तयारी केली आणि पूर्वीहून वरच्या, ५७ किलोंपर्यंतच्या बँटमवेट गटात उतरण्याचे ठरविले.

परंतु १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची वाट सोपी नव्हती. निवडीच्या वेळी आपणांवर अन्याय झाला असे वाटल्यावरून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढण्याची संधी मिळाली आणि त्यांनी प्रतिस्पर्धी निरंजन दास ह्यांस हरवून आपला हक्क सिद्ध केला. मग प्रश्न आला पैशाचा. गावकऱ्यांनी व ओळखीच्यांनी यथाशक्ति वर्गणी दिली. पण रक्कम पुरेना. तेव्हा ज्या प्राचार्यांनी त्यांस प्रथम आखाड्यात उतरू दिले होते, त्याच खर्डीकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. शिष्याच्या लहान खांद्यांवर गुरूचा केवढा विश्वास होता, हे ह्यावरून कळून येईल.

हेलसिंकीस खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी ह्या देशांच्या मल्लांस एकामागून एक पराभूत केले. अखेरच्या टप्प्यात त्यांची गाठ पडली ती जपानचा शोहाची इशी व सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव ह्या दोघांशी. इशीबरोबरची कुस्ती अतिशय चुरशीची होऊन दीर्घकाळ चालली व ती खाशाबांनी थोडक्यात गमावली. दोन कुस्त्यांच्या दरम्यान मल्लास निदान अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. तथापि त्या झुंजीने अंग थकून गेले असतानाच त्यांस मामेदबेकोवशी लढावयास बोलाविण्यात आले. नियमाकडे पंचांचे लक्ष वेधावे, तर भारतीय पथकाचा कोणीही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. खाशाबा तसेच उभे राहिले, लढले आणि हरले. इशीस सुवर्ण, मामेदबेकोवास रौप्य आणि खाशाबांस कांस्यपदक मिळाले. तो दिवस २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमध्ये मिळालेले हे पहिले वैयक्तिक पदक होय. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशास १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली.

ह्या प्रसंगाचा वाचकांनी शांतपणे विचार करावा. खाशाबा शेवटच्या कुस्तीत कमी पडले ते शरीर लहान होते म्हणून काय? मुळीच नाही. त्या गटातील सर्वांचे वजन सारखेच होते, आणि तोपर्यंत अनेक देशांच्या मल्लांस त्यांनी लोळविलेही होते. त्यांस उणीव भासली ती अर्ध्या तासाच्या विश्रांतीची, आणि त्यांच्या वतीने दोन शब्द बोलणाऱ्या माणसाची. अशा अवस्थेत धिप्पाड मल्लही थकला असता. तेव्हा लहान चणीच्या गड्यास पुरा भार सोसतो की नाही, हे केवळ त्याच्या बांध्यावरून ठरत नाही. भार घालणाऱ्यांनी त्याची काळजी कितपत घेतली, हेही तितकेच पाहावे लागते.

हाच प्रश्न दूरदेशीही विचारला जातो. अमेरिकेत खेळला जाणारा फुटबॉल आपल्याकडील फुटबॉलहून निराळा आहे. त्यात चेंडू हाती घेऊन धावणाऱ्या गड्यावर प्रतिपक्षाचे आडदांड खेळाडू तुटून पडतात. अशा गड्याने ठेंगणे असू नये, असे तेथेही पुष्कळांचे मत असते. परंतु पाच फूट आठ इंच उंचीचा बॅरी सँडर्स १९८९ ते १९९८ अशा दहा हंगामांत तीन हजारांहून अधिक वेळा चेंडू घेऊन धावला आणि त्या खेळातील अग्रगण्य धावपटूंत गणला गेला.

खाशाबा मायदेशी परतले तेव्हा कऱ्हाड स्थानकापासून १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पाव तासाच्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले, असे सांगतात. सत्काराच्या हारांनी त्यांस भूल पडली नाही. त्यांनी प्रथम काय केले असेल, तर कोल्हापुरास कुस्त्यांचे सामने भरविले, स्वतः लढून त्या जिंकल्या, आणि मिळालेल्या पैशातून गुरूचे गहाण पडलेले घर सोडविण्यास हातभार लावला. पदक देशाचे खरे. पण ऋण आपले आहे, ह्याची जाणीव त्यांनी ठेविली.

१९५५ साली ते पोलिसखात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. तेथे सत्तावीस वर्षे त्यांनी चाकरी केली, खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, इतरांस शिकविले, व सहायक पोलिस आयुक्त ह्या पदावरून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांस झगडावे लागले, आणि उतारवयात ओढगस्तीचे दिवस पाहावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर, २००० सालचा म्हणून देण्यात आला. २०१० साली दिल्लीच्या कुस्तीसंकुलास त्यांचे नाव मिळाले. हेलसिंकीस त्यांच्या बाजूने बोलावयास कोणी नव्हते. पुढील आयुष्यातही बोलणारे उशिराच भेटले, असे खेदाने म्हणावे लागते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी जो वर्गाच्या रांगेत सर्वांत पुढे, म्हणजे उंचीने सर्वांत कमी, उभा राहत असेल, त्याने खाशाबांचे स्मरण ठेवावे. कोणी शरीर पाहून नाकारले तर त्याने खचून जाऊ नये. नम्रपणे पुन्हा संधी मागावी, आणि ती मिळेल त्या दिवसासाठी दम, चपळाई व कौशल्य आजपासून कमवावे. थोराड मित्रांनी त्यास कडेला लोटू नये. आणि पालकांस व शिक्षकांस एवढीच विनंती की, त्यांनी मुलाच्या अंगावर भार जरूर घालावा, परंतु त्यास वेळेवर विसावा मिळतो की नाही हे पाहावे, आणि प्रसंग पडेल तेव्हा त्याच्या पाठीशी हजर असावे. प्राचार्य खर्डीकरांनी घर गहाण टाकले. आपणांपैकी बहुतेकांस केवळ मैदानाच्या कडेला उभे राहावे लागेल. तेवढे तरी आपण करू या.