जोसेफ हेन्री
जोसेफ हेन्री (१७ डिसेंबर, १७९७:ऑल्बनी, न्यू यॉर्क, अमेरिका - १३ मे, १८७८:वॉशिंग्टन, डी.सी., अमेरिका) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. क्षीण प्रवाहाने प्रबळ विद्युतमंडल नियंत्रित करणाऱ्या रिलेचे ते जनक मानले जातात.

जीवन
गरीब घरातील हेन्री यांनी लहानपणी घड्याळजीकडे उमेदवारी केली. १८२६ मध्ये ते ऑल्बनी अकादमीत प्राध्यापक झाले व १८३२ मध्ये प्रिन्स्टनला गेले. १८४६ मध्ये ते स्मिथसोनियन संस्थेचे पहिले सचिव झाले.

रिले
लांब तारेतून येणारा प्रवाह दुबळा होतो. त्याच्याने जड काम होत नाही. १८३५ च्या सुमारास हेन्री यांनी अशा प्रवाहाकडून केवळ एक लहान विद्युतचुंबक कार्यान्वित करविला. त्यामुळे स्वतंत्र बॅटरीच्या मंडलातील जोड सुटे आणि मोठ्या विद्युतचुंबकाने धरलेले वजन खाली पडे. दोन्ही मंडले अलग असल्याने अल्प दाबाच्या संकेताने अधिक दाबाचे उपकरण चालविता येते. दूरपल्ल्याच्या तारायंत्रास हे तत्त्व आधारभूत ठरले.

श्रेयाचा वाद
पेटंट घेणे विज्ञानाच्या प्रतिष्ठेस शोभत नाही, असे मानून हेन्री यांनी ते घेतले नाही. १८५५ मध्ये सॅम्युएल मॉर्स यांनी त्यांचे श्रेय जाहीरपणे नाकारले. १८५७ मध्ये स्मिथसोनियनच्या समितीने हेन्री यांची बाजू ग्राह्य धरली. १८९३ मध्ये प्रवर्तकतेच्या एककास 'हेन्री' हे नाव देण्यात आले.