बोलिव्हारचा गुरू, ज्याने एक भाषा फुटू दिली नाही

स्पॅनिशमध्ये ‘कांतो’ म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर दिला, तर अर्थ होतो ‘मी गातो’. तोच जोर दुसऱ्या अक्षरावर दिला की अर्थ होतो ‘तो गायला’. माणूसही बदलला आणि काळही!

अक्षरं कुठे तोडता, यानेही अर्थ फिरतो. सा-बी-आ असं तीन अक्षरांत, ‘बी’वर जोर देऊन म्हटलं तर ‘मला ठाऊक होतं’. सा-ब्या असं दोन अक्षरांत, ‘सा’वर जोर देऊन म्हटलं तर ‘शहाणी बाई’.

हे सगळं नीट मांडण्यात एका माणसाने आयुष्य घालवलं. त्याचं नाव आंद्रेस बेयो.

बेयोचा जन्म १७८१ चा, काराकासचा. आज ती व्हेनेझुएलाची राजधानी आहे. तरुणपणी त्याने काही काळ सिमॉन बोलिव्हारला शिकवलं. १८१० मध्ये दोघं मिळून लंडनला गेले, इंग्लंडची मदत मिळवायला. बोलिव्हार लढायला परतला. बेयो मात्र तिथेच राहिला, तब्बल १९ वर्षं. १८१२ मध्ये मायदेशातलं सरकार कोसळलं आणि पगार थांबला. शिकवण्या आणि भाषांतरं करून त्याने घर चालवलं. पहिली बायको तिथेच वारली. या ओढाताणीतही तो ब्रिटिश म्युझियममध्ये बसून जुनं स्पॅनिश काव्य अभ्यासत होता.

१८२९ मध्ये चिलीने त्याला बोलावलं. तोवर स्पेनचं साम्राज्य मोडून अमेरिकेत कितीतरी नवे देश झाले होते. बेयोला धास्ती वेगळीच होती. रोमन साम्राज्य पडलं आणि लॅटिन फुटून वेगवेगळ्या भाषा झाल्या. स्पॅनिशचंही तसंच झालं तर? शेजारचे देश एकमेकांना परके होतील.

म्हणून १८३५ मध्ये त्याने उच्चार, अक्षरं, जोर आणि छंद यांवर पुस्तक लिहिलं. १८४१ मध्ये क्रियापदांच्या काळांवर लिहिलं. १८४७ मध्ये आलं त्याचं प्रसिद्ध व्याकरण, खास अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी. तिथल्या लोकांचे रूढ प्रयोग त्याने सरसकट चूक ठरवले नाहीत.

१८४३ मध्ये तो चिली विद्यापीठाचा पहिला रेक्टर झाला. चिलीचा नागरी कायदाही त्यानेच लिहिला. १८५१ मध्ये खुद्द स्पेनच्या भाषा अकादमीने त्याला सन्माननीय सदस्य केलं.

१८६५ मध्ये सांतियागोत तो गेला. आज मेक्सिकोचा माणूस अर्जेंटिनात गेला तर लहेजा वेगळा वाटतो, पण बोलणं कळतं. बोलिव्हारने देश मोकळे केले. त्या देशांना एकमेकांशी बोलतं ठेवण्यात त्याच्या गुरूचाही वाटा आहे.